अर्थिंगवरची अंघोळ

शरणाप्पा रोज सकाळी अर्थिंगवर बसून अंघोळ करायचे. इकडे वापीला मी हे कुणाला सांगितलं की ते आधी हसतात आणि मग विचारतात, करंट नाही लागला का? नाही लागला. त्यांना उभ्या जन्मात एकदाच धक्का बसला, तोही कूलरचा, आणि त्या कूलरच्या प्लगची तिसरी पिन कापलेली होती. ही गोष्ट ते स्वतःहून प्रत्येकाला सांगायचे. उगाच अंघोळीवर आळ यायला नको म्हणून.

लातूरला आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. अप्पांची पूर्वी मोंढ्यात आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांनी आणलेली तूर, सोयाबीन व्यापाऱ्यांना विकून द्यायचं दुकान. गुडघे गेल्यावर त्यांनी आडत बंद केली, पण हात काही बंद झाले नाहीत. हातात येईल ती वस्तू ते तळव्यावर घेऊन दोनदा वरखाली तोलायचे. चप्पल, नारळ, लग्नाची पत्रिका, काहीही. माझी लेक तान्ही होती तेव्हा तिलाही असंच तोललं आणि म्हणाले, "माल भरलेला हाय." माझ्या सासूला राग आला होता. मला नाही आला. तोवर मला कळलं होतं की अप्पांकडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

मी देगलूरकडची. शाळा नववीत सुटली. टायपिंग मात्र शिकले, कारण शिकवणाऱ्या बाईंनी मार्कशीट मागितलं नाही. लग्नानंतर लातूरला आले आणि घरबसल्या क्लासवाल्यांचे पेपर टाइप करायला लागले. लातूरला क्लासला तोटा नाही आणि पेपरलाही नाही. विद्युतधारेच्या धड्याचे एवढे प्रश्न मी टाइप केलेत की कुठला प्रश्न कुठल्या पेपरात आला ते झोपेत सांगेन. उत्तर मात्र एकाचंही सांगता येणार नाही.

माझा स्वभाव भित्रा. गाव लांब, माहेर त्याहून लांब, आणि आमच्या ह्यांचं डाळमिलमधलं काम आज आहे तर उद्या नाही असं. कॉम्प्युटर माझ्या नणंदेच्या नवऱ्याचा, त्यांनी वापरून सोडलेला. आधीच्या खोलीत एकदा लाइट गेली, झटक्यात आली, आणि टाइप केलेला पूर्ण पेपर गेला. क्लासचे सर शांतपणे म्हणाले, "ताई, पोरांची परीक्षा थांबत नसते. परत असं झालं तर मला काम दुसरीकडं द्यावं लागेल." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. काम गेलं की खोली जाणार आणि खोली गेली की परत गाव, हे मी तिथेच उभ्या उभ्या ओळखलं. गावी कॉम्प्युटरवर फक्त झाकण घालायचं काम उरलं असतं.

म्हणून नवी खोली बघायला गेले तेव्हा जीव मुठीत होता. अप्पा ओसरीवर बसले होते. मी नाव, गाव, माणसं किती, सगळं पाठ करून गेले होते. त्यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"कॉम्प्युटर हाय म्हणं तुझ्याकडं?"

"हाव."

"त्याच्या प्लगची तिसरी पिन हाय का कापलीस?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी प्लग आणायला लावला. आमच्या नंदावयांनी तो दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून वरची जाड पिन करवतीनं कापून टाकली होती. अप्पांनी त्या खुंटावरून अंगठा फिरवला.

"खोली तुला देतो," शेवटी म्हणाले. "ह्या प्लगला देणार न्हाई."

तिसऱ्या पिनेवर त्यांचा एवढा जीव का, हे मी नंतर अव्वांना विचारलं. अव्वा म्हणजे त्यांच्या पत्नी. अव्वा म्हणाल्या, "कूलरनं फेकलं तवापासून असंच हाय. आधी माणूस बरा होता."

अप्पांचं म्हणणं वेगळं होतं. "पंखा दोन पिनांवर बी फिरतोय, टीव्ही बी लागतोय. तिसरी पिन फिरायसाठी नसतीच. ज्या दिवशी वाईट होतंय, त्या एका दिवसासाठी असती." आणि मग त्यांनी ही गोष्ट माणसांनाही लावली. लग्नाला पुढे आणि मयताला गायब असणारा पाहुणा असला की अप्पा म्हणायचे, तिसरी पिन कापलेला हाय. टीव्हीवर एखादा पुढारी फार गोड बोलायला लागला की आवाज बंद करून म्हणायचे, "बोलतोय झकास. पिन बगायला पाहिजे." त्यांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. गरजच पडली नाही.

नवा प्लग बसला तरी अप्पांचं समाधान होईना. त्यांनी महेबूबभाईंना बोलावलं. महेबूबभाई गल्लीचे वायरमन. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब त्यांच्या पिशवीत कायम असायचा. एक वायर करंटात आणि दुसरी मोठ्या भोकात घातली, तर बल्ब पेटला पाहिजे. पेटला नाही.

"अप्पा, निच्चे कुच बी नै," महेबूबभाई म्हणाले. "वायर कां गई देखना पडेगा."

शोधत शोधत वायर नळाच्या पाईपला बांधलेली सापडली. जुन्या काळी पाईप लोखंडाचा होता, तेव्हा ते चालायचं. मधे कधीतरी पाईप बदलून प्लास्टिकचा झाला आणि वायर त्यालाच परत इमानानं बांधून ठेवली गेली. म्हणजे घराचं अर्थिंग ज्या नळात होतं त्याला पाणीही नव्हतं आणि लोखंडही नव्हतं. अप्पा पाईपकडे बघत म्हणाले, "पाईप बदलल्यापासून आपण भरवशावरच जगलो म्हणायचं."

अंगणात खड्डा झाला. पाईप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ. बल्ब लख्ख पेटला. अव्वांनी लांबूनच हात जोडले. अप्पांनी मला सांगितलं, "आता त्या कॉम्प्युटरला द्वारपाल बगू." द्वारपाल म्हणजे स्पाइक गार्ड. करंटाचा लोंढा आला तर आधी त्यानं अडवायचा आणि त्या खड्ड्यात सोडून द्यायचा, असा त्याचा धंदा.

मी म्हणाले, अप्पा, हे आणतील की येताना. अप्पा टोपी घालत म्हणाले, "ते डाळमिलवाले. माल बगणं अन् माल भरडणं ह्यात फरक हाय."

गंजगोलाईच्या बाजारातल्या एका गल्लीत आम्ही गेलो. दुकानदार तरुण, बोलका. त्यानं काउंटरवर ओळीनं डबे मांडले. अप्पांनी एकेक बाहेर काढून तळव्यावर तोलायला सुरुवात केली. एक चकचकीत पांढरा होता, तो लगेच परत दिला.

"हे शेंग हाय. आत दाणा न्हाई."

"अप्पा, तेला लाल लाइट बी हाय," दुकानदार म्हणाला.

"लाइट तर बोळातल्या खांबाला बी हाय."

दुकानदारानं कबूल केलं की ते नुसतं एक्स्टेंशन बोर्ड आहे, जागा वाढवतं, अडवत काही नाही. मग अप्पांना एक जड सापडला. दोनदा तोलला, तिसऱ्यांदा तोलला, माझ्या हातात दिला. "बग. भरलाय का न्हाई?" मला वाटलं भरलाय. तोच घेऊन आलो. अप्पा रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले होते.

घरी महेबूबभाईंनी सवयीनं तो खोलला. आत एक वायर, एक बटण, आणि तळाला स्क्रूनं आवळलेली लोखंडाची जाड पट्टी. बाकी काही नाही. पट्टी कशासाठी, असं मी विचारलं.

"वजन के वास्ते," महेबूबभाई म्हणाले आणि अप्पांकडे बघायचं टाळलं.

त्या दुपारी अप्पा जेवले नाहीत. ओसरीवर ती पट्टी हातात घेऊन बसून राहिले. अव्वा दोनदा बोलवायला आल्या. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या पोत्यातले खडे काढले. अन् आज मीच खडे तोलून आणले." अव्वा म्हणाल्या, "भाकर थंड व्हायलीय." मला फार अवघडल्यासारखं झालं. हे सगळं माझ्या कॉम्प्युटरपायी चाललं होतं. मी म्हणाले, "अप्पा, जाऊ द्या. चालंल तसाच." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी करवत घेऊन आलेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत त्याच दुकानात. अप्पांनी पट्टी काउंटरवर ठेवली. भांडण केलं नाही. दुकानदारानंच चार कंपन्यांना शिव्या घातल्या, आपणही फसलो म्हणाला, आणि एका डब्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायला लागला. इतके ज्यूल, म्हणजे इतका दणका झेलणार. अप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"डब्यावरचा आकडा गावाला सांगायसाठी असतोय. खरा सांग."

आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी त्याच्या हातावर टाकला.

इथे सांगायला पाहिजे, की मोंढ्यात जुन्या काळी सौदे तोंडानं व्हायचे नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल, खाली बोटं धरायची, कुठलं बोट आणि किती बोटं यावरून भाव कळायचा. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. ही पद्धत कधीच बंद झाली. आता सगळं बोलून होतं. पण अप्पांचा विश्वास असा होता, की माणूस तोंडानं जितकं खोटं बोलतो तितकं बोटांनी बोलू शकत नाही.

दुकानदाराला यातलं काही माहीत नव्हतं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं रुमालाखाली आपला हात घट्ट धरलाय आणि डोळ्यात बघून राहिलाय, एवढंच त्याला कळत होतं. दुकानात आणखी दोघे जण होते, त्यांनी मोबाईलमधून मान वर काढली. पोराच्या कपाळावर घाम आला. त्यानं हात सोडवून बघितला, सुटला नाही. मग त्याचे खांदे खाली आले. रुमाल जरासा हलला.

"हं," अप्पा म्हणाले. "आता बोललास."

दुकानदार गुपचूप आत गेला आणि मागच्या फळीवरून एक धुळकट डबा घेऊन आला. तो स्पाइक गार्ड आधीच्यापेक्षा हलका होता. अप्पांनी तोलला, कपाळाला आठ्या पडल्या, पण घेतला. महेबूबभाईंनी खोलला तर आत नाण्याएवढ्या चपट्या चकत्या ओळीनं बसवलेल्या. "ये असली है," ते म्हणाले. लोंढा आला की ह्या चकत्या तो पिऊन घेतात आणि मरतात, असंही सांगितलं. अप्पांना ते फार पटलं. "म्हंजे दाराला बांधतोत ते लिंबू हाय हे. दृष्ट लागली की काळं पडंल. मग त्याच्यावर जीव लावायचा न्हाई, बदलायचं."

रुमालाखाली काय ठरलं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. सांगायचं नसतं म्हणे.

अंघोळीचं प्रकरण त्यानंतरच्या उन्हाळ्यातलं. महेबूबभाईंनी बजावून ठेवलं होतं की जमीन कोरडी पडली की अर्थिंग मेलं, खड्ड्याला रोज पाणी द्या. अप्पांनी हा शब्द मनावर घेतला. "सोयाबीनला ओल नको अन् ह्याला ओल पाहिजे," म्हणायचे, "सगळा जलम ओल काढण्यात गेला, आता घालायची." पण त्या वर्षी नळ आठवडेच्या आठवडे कोरडे. टँकर बोळाच्या तोंडाशी यायचा आणि बायका हंडे घेऊन धावायच्या. अशात अप्पा तांब्या घेऊन अंगणात निघाले की अव्वांचा आवाज चढायचा.

"अय्यो शिवा! माणसाच्या घशाला न्हाई अन् खड्ड्याला पाजलाव?"

"वर पोरीची मशीन हाय."

"पोरीला मी पाजीन. खड्ड्याला न्हाई पाजणार!"

मी जिन्यावर चोरासारखी उभी. म्हणाले, अप्पा, माझ्या वाटणीच्या घागरीतलं देते. ते अव्वांनाही आवडलं नाही आणि अप्पांनाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी खरवडल्याचा आवाज आला म्हणून खाली पाहिलं, तर अप्पा गुडघे धरत धरत न्हाणीतला दगड अंगणात ओढत आणत होते. दगड त्यांनी खड्ड्यावर बसवला. पंचा नेसून वर बसले. अव्वांनी न बोलता बादली आणून आदळली.

तिथून पुढे अप्पांची अंघोळ तिथेच. अंगावरून ओघळलेलं पाणी खाली जायचं आणि पाईप गटगट आवाज करायचा. तो आवाज झाला की अप्पा पुढचा तांब्या घ्यायचे. साबण सोडला, कोळशाला सोसणार नाही म्हणून. मिठाचं विचाराल तर, "घामात असतंयच की." बोळातल्या बाया सुरुवातीला तोंड फिरवून जायच्या, पुढे फिरवायचं विसरल्या. अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजा, आणि पूजा झाली की वर बघून मला हाक, "मंगल, चालू कर!" त्याआधी मी कॉम्प्युटर चालू करत नव्हते. म्हणजे त्यांनी मना केलं नव्हतं. माझाच हात धजायचा नाही.

आणि तो एक दिवस आला. दुपार होती. दुसऱ्या दिवशी पोरांची टेस्ट होती आणि पेपर संपत आला होता. वारा सुटला, कुठलीशी पत्र्याची कड वाजली, गारा पडायला लागल्या. आभाळ गडगडलंसुद्धा नाही. खांबावरच्या तारा एकमेकींवर आपटल्या आणि बल्ब पांढराफेक झाला. पायाशी फट्‌ असा आवाज आला. जळक्या रबराचा वास, आणि सगळं बंद. बोळात एकदम आरडाओरडा. कुणाचा टीव्ही गेला, कुणाचा फ्रिज, समोरच्यांचे पंखे. मी खुर्चीतून उठले नाही. मला पडदा काळा दिसत होता आणि सरांचा शांत आवाज ऐकू येत होता.

अप्पा जिना चढून वर आले. गुडघे गेल्यापासून ते कधी वर आले नव्हते. त्यांनी आधी स्पाइक गार्ड उचलला. एका बाजूनं काळा पडला होता. मग कॉम्प्युटरच्या डब्यावर पालथा हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"ह्यानं खाल्लेलं दिसतंय," हातातल्याकडे बघत म्हणाले. "तेला काय झालं नसंल."

"खरंच का, अप्पा?"

"मला काय मालूम? लाइट येऊ दे."

लाइट यायला संध्याकाळ झाली. तोवर ते माझ्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसून होते. अव्वांनी चहा वर पाठवला. महेबूबभाईंनी बल्ब लावून पाहिला, दुसरा स्पाइक गार्ड लावला. त्या धुळकट डब्याच्या जोडीचा अप्पांनी तेव्हाच घेऊन ठेवला होता, मला न सांगता. मी बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरला. पेपर होता, शेवटची एक ओळ सोडून.

मी रडायला लागले तर अप्पा म्हणाले, "ओळ टाईप कर आधी."

सकाळी ते मेलेला स्पाइक गार्ड घेऊन अंगणात गेले. अव्वा म्हणाल्या, कचऱ्यात टाका. अप्पांनी दगड सरकवला. "आमच्यात जाळत न्हाईत, बसवून पुरतेत. अन् हे तर जळूनच आलंय." पाईपाजवळची माती उकरून त्यांनी तो सरळ उभा ठेवला, बसवल्यासारखा, आणि वरून मीठ टाकलं. मीठ तसंही टाकायचंच होतं. मग दगड जागेवर ठेवून अंघोळीला बसले.

पुढे ह्यांना वापीला कायमची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. लातूरचे पेपर मी इथूनच टाइप करून पाठवते. सरांनी काम काढलं नाही. ते कशावर टिकलंय, हे सरांना माहीत नाही.

गेल्या दिवाळीला माहेरी जाताना लातूरला उतरले. अप्पा पलंगावर होते. शेजारी श्वासाचं मशीन घरघरत होतं आणि नळी त्यांच्या नाकात. पुण्याहून लेकानं पाठवलेलं मशीन. ते ज्या बोर्डाला लावलं होतं तो पांढरा, चकचकीत, आणि माझं लक्ष सारखं तिकडेच जात होतं. अव्वा कोमट पाण्यानं त्यांचं अंग पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्या तपेली घेऊन बाहेर गेल्या. दगड अंगणात तिथेच होता. त्यांनी त्यावर ते पाणी ओतलं आणि वर आणखी एक तांब्या चांगलं पाणी. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. पाईप गटगट वाजला.

"रोज ओतावं लागतंय," आत येऊन अव्वा मला म्हणाल्या. "तेंच्या श्वासाची मशीन हाय ना त्याच्यावर." आणि पदरानं हात पुसले.

मी पिशवीतून डबा काढला. वापीहून त्यांच्यासाठीच आणला होता. चार दुकानं फिरून, एका ठिकाणी खोलून दाखवायला लावून, चकत्या बघून. अप्पांनी हात पुढे केला. मी त्यांच्या तळव्यावर स्पाइक गार्ड ठेवला. त्यांनी तोलायचा प्रयत्न केला. हात एकदाच वर गेला.

"डब्यावर काय लिवलंय?"

मी आकडा वाचला.

"ते गावाला," अप्पा म्हणाले. मधे मशीननं एक श्वास दिला. मग त्यांनी हात पांघरुणाखाली नेला आणि माझ्याकडे बघत राहिले.

मला ती बोटांची भाषा येत नाही. कुठल्या बोटाचा काय अर्थ, ते त्यांनी कधी शिकवलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी पांघरुणाखाली हात घातला आणि त्यांची पाचही बोटं धरली. त्यांनी माझी बोटं सावकाश एकेक चाचपली. अंगठ्यापाशी थांबले.

"हं," म्हणाले. "लाव."